पुराची रेघ

"सुकदेवभाई, खुंटी इधर नहीं. खाडी की तरफ चालीस फूट और लो," वशीसाहेब म्हणाले.

सुकदेव हातोडा हातात धरून तसाच उभा राहिला. सुरतेच्या नगररचना कचेरीत तो मोजणीची साखळी ओढायचा. पाच वर्षांत त्यानं साहेबांचा एकही शब्द खाली पडू दिला नव्हता.

"साहेब, ये लाइन तो आपनेच डाली थी. पानी यहाँ तक आया था."

"मालूम है."

योजना साहेबांचीच होती. खाडीकाठची सखल पट्टी मोकळी ठेवायची, तिथं कडुनिंब आणि करंज लावायचे, म्हणजे पूर आला तर पाण्याला पसरायला जागा राहील. साहेबांनी वर्षभर खपून नकाशा केला होता. पण वरून निधी आला तो निम्माच. मग समितीनं ठरवलं, की पट्टीतल्या चाळीस फुटांचे प्लॉट पाडून विकायचे आणि त्या पैशांतून उरलेल्या जागेत झाडं लावायची.

"पेड़ों के लिए ही जमीन बेच रहे हैं," साहेब नजर चुकवत म्हणाले. "नहीं तो एक पौधा भी नहीं लगेगा."

ते खोटं बोलत नव्हते. सुकदेवनं समोर पाहिलं. उन्हानं तडकलेल्या त्या चाळीस फुटांत त्याची बायको उषाबाई उभी होती. कमरेइतक्या पाण्यात, पदर डोक्यावर घेऊन.

ती त्याला नेहमीच दिसायची. अडुसष्ट सालच्या पुरात त्यांची झोपडी इथंच होती. पारोळ्याहून मिलच्या कामाला येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती. पाणी चढलं तेव्हा सुकदेवनं एका हातानं छपराचा बांबू धरला आणि दुसऱ्या हातानं तिला. "हात सोडू नका," एवढंच ती म्हणत राहिली. त्यानं सोडला नव्हता. हात निसटला होता. पण हा फरक तो कुणाला सांगणार? मिल सोडून तो या कचेरीत लागला, तेव्हा बायको वारली एवढंच त्यानं सांगितलं होतं.

"साहेब," आज पहिल्यांदाच त्यानं ते सांगितलं, "मेरी घरवाली यहीं गई."

वशीसाहेबांनी टोपी काढली. मग म्हणाले, "मैं लिखूँगा. सब लिखूँगा."

त्यांनी खरंच लिहिलं. दोन पानं लिहिली. समितीनं ती वाचली, कागद फाइलला लावला आणि ठराव कायम ठेवला. खुंट्या साखळी ओढणाऱ्या दुसऱ्या गड्यानं, सुपडूनं ठोकल्या. सुकदेवनं अर्ज करून झाडांना पाणी घालायचं काम मागून घेतलं. कचेरीत सगळ्यांना वाटलं, याचं डोकं फिरलं.

दोन वर्षांत कडुनिंब त्याच्या छातीला लागले. तोवर प्लॉटवर बारा घरं उभी राहिली. बहुतेक कडोदऱ्याच्या यंत्रमागांवर कामाला जाणारी खानदेशी माणसं. सुकदेव बादल्या घेऊन त्यांच्या दारांवरून खाली मान घालून जायचा. तिसऱ्या घराच्या ओट्यापाशी त्याच्या पायांना गारवा लागायचा, कोरड्या उन्हातसुद्धा. "हात सोडू नका," मागून हाक यायची. तो वळून पाहायचा नाही.

एका सकाळी त्याच ओट्यावरून खरीच हाक आली, घरच्या अहिराणीत.

"भाऊ, आठे पानी येस का हो?"

सरलाबाई शिरपूरकडची, नव्यानंच राहायला आलेली. कडेवर तान्ही मुलगी. दारात नव्या विटांचा वास. सुकदेवच्या मनात आलं, इथं पाणी येत नाही म्हणावं. घरात सगळं ओतून बसलेत ही माणसं. आता सांगून कुणाचं भलं होणार?

"येस," तो म्हणाला.

"कितलं?"

तो उंबरा ओलांडून आत गेला. भिंतीवर हात वर, आणखी वर नेत त्याच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच थांबवला. सरलाबाईचा चेहरा उतरला. पण ती रडली नाही. कोपऱ्यातून गेरूचं भांडं उचलून तिनं त्याच्यापुढे केलं.

"रेघ मारी द्या. माळा तेना वर घालसूत. पोरले वर ठेवाले जागा व्हई."

त्यानं बोटानं रेघ ओढली. रेघ सरळ आली.

"तुमले कसं मालूम, भाऊ?"

"मनी घरवाली आठेच गयी," सुकदेव म्हणाला. "उषा नाव व्हतं."

पुरानंतर ते नाव त्यानं मोठ्यानं घेतलं नव्हतं.

मुलीला खाली ठेवून सरलाबाईनं देवापुढची कुयरी आणली, पाट ओढला, त्यावर चढली आणि रेघेला हळद-कुंकू लावलं. हळद उमटली. कुंकू लाल गेरूत कुठं गेलं ते दिसेना. तिनं ते पुन्हा लावलं.

शेजारच्या घरातली बाई दारात येऊन उभी होती. तिच्याही हातात गेरू होता.