न वाचलेली ओळ

मित्रांनो, मला म्हणतात भिंत, पण मी आहे एक जुनी राखाडी पेटी. इस्पितळाच्या तळघरातली फायरवॉल. बाहेरच्या इंटरनेटवरून येणारा प्रत्येक निरोप आधी माझ्यापुढे येतो. माझ्यात लिहिलेल्या ओळी सांगतील त्याला आत सोडायचे, बाकीच्यांना दारातूनच परत धाडायचे. माझी स्वतःची अक्कल शून्य. ओळ म्हणेल ती पूर्व दिशा.

मला घडवले इथले संगणक सांभाळणाऱ्या काकांनी. ते एकेक ओळ हाताने लिहीत, पुन्हा वाचत, मगच चहाला जात. "जी ओळ मला कळली नाही, ती इथे राहायची नाही," असे ते सगळ्यांना बजावत. फार लाड झाले माझे तेव्हा! ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. त्या संगणकाच्या पडद्यावर चौकटी भरत, बटण दाबत, आणि माझ्या ओळी एक प्रोग्रॅमच लिहून टाकी. लिहिण्याआधी तो त्या दाखवायचाही. पण दरवेळी ती खिडकी उघडते म्हणून मॅडम वैतागल्या. "कोण वाचत बसणार हे पुराण?" म्हणत त्यांनी ती सोयच बंद केली. तेव्हापासून मला कोणी वाचलेच नाही. वाईट वाटते हो.

काल मॅडमच्या आईचे ऑपरेशन झाले, याच इस्पितळात. आई शुद्धीवर आली आणि तळघरात मॅडमचा मोबाइल वाजला.

"कुठे आहेस गं? भीती वाटतेय मला."

"आलेच आई. एवढं एक काम करते, मग तुझ्या उशाशी बसूनच सगळं सांभाळते. हलणार नाही, बघ."

आईजवळ बसून, मोबाइलच्या इंटरनेटवरून माझा कारभार पाहता यावा, म्हणून त्यांनी घाईघाईने बाहेरून येण्याची परवानगी दिली. 'कोणत्या पत्त्यावरून' ही चौकट रिकामीच सोडली. प्रोग्रॅम आपल्या मोबाइलचाच इंटरनेटवरचा पत्ता घेईल, असे त्यांना वाटले. त्याने लिहिले, 'कुठूनही'. ही ओळ काकांनी पाहिली असती, तर त्यांचा चहा तसाच निवला असता. मॅडम जिना चढून गेल्या.

आज सकाळपासून कोणी अनोळखी त्या दाराशी एकेक पासवर्ड लावून पाहत होता. मी हाक कोणाला मारणार? दुपारी एक पासवर्ड लागला आणि ओळीच्या हुकमाप्रमाणे मी त्याला आत घेतले.

मित्रांनो, यंत्र तुमच्या नावाने काही लिहील, तेव्हा ते वाचत जा. कंटाळा आला तरी वाचा.

काकांनंतर आज पहिल्यांदाच कोणीतरी माझी ओळ न् ओळ वाचतो आहे, सावकाश, मन लावून. मॅडमच्या आईच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारा, नेटवर्कवरून हुकूम घेणारा पंप माझ्याच आडोशाला आहे. पाहुणा त्या पंपाच्या ओळीपाशी थांबला आहे.