धवलारणीचा नवरा

"औषध नकली हाय, दुसरं काय!" वामनने डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला. "लाल इंजेक्शन तेच, टोचनारी बाय तीच, मंग गाठ कनाला वाडते?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सकाळपासून त्यांनी अशा बऱ्याच जणांना तोंड दिलं होतं. "औषध अस्सल आहे हो. मागच्या वर्षी याच औषधाने मानेतल्या गाठी गेल्या होत्या ना?"

"गेल्या व्हत्या. म्हनून तं इचारतो!"

त्याची बायको गोजरा शेजारी पदर मानेभोवती ओढून बसली होती.

वामन मलेरिया खात्यात फवारणीवाला. पाठीवर पंप घेऊन जुईपाड्यापासून नेरुळपर्यंतच्या गावांत आणि सिडकोच्या नव्या वसाहतींत भिंतींवर पावडर मारत हिंडायचा. डास मेले नाहीत की गावच्या बायांचा उद्धार ठरलेला. फवारणी झाली की दुसऱ्याच दिवशी या शेणाने भिंती सारवून काढतात, औषध जातं सारवणाखाली! जगात काही बिघडलं तर ते कोणीतरी बिघडवलेलंच असणार, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. गोजराच्या कॅन्सरमधला हा 'कोणीतरी' त्याला कधीच सापडला होता.

"मंग हिचीच चूक," तो म्हणाला. "गेल्या वैशाखात इंजेक्शनची तारीक सोडून शिरवन्याला लगनात धवलं गायाला गेली. आठ दिवस उशीर! तवाच रोगाला फावलं."

गोजरा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीआधी तिचा मान. तिने धवले गाऊन एकेका देवाला बोलावल्याशिवाय हळद लागायची नाही. शिरवण्याला तिने शब्द दिला होता आणि तो पाळला होता. गाठ परत आली तेव्हापासून मात्र वामनने तिचं गाणं बंद केलं होतं. बोलावणं घेऊन आलेल्याला तो उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावी. आणि गोजराही, आपल्याच हातून झालं असं धरून चालत गप्प राही.

"आठ दिवसांनी काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिलं इंजेक्शन देण्याआधीच त्या गाठींत थोड्या पेशी निराळ्या असणार. औषध आत शिरलं की बाहेर फेकून देणाऱ्या. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या. आता दिसते ती त्यांचीच पिलावळ. तारखेला आला असतात तरी त्या उरल्याच असत्या."

ताज्या पावडरीवर खुशाल बसलेले डास वामनने डोळ्यांनी पाहिले होते. त्याचे साहेबही असंच काही सांगत, पण सारवण सोडून दुसरं कारण त्याला ऐकायचंच नसे.

"डासाला दुसरी पावडर येते," तो शेवटी म्हणाला.

"आपणही दुसरं औषध देऊ. पण पहिल्यासारखा गुण येईलच असं नाही सांगता येत."

"मंग माज्या धवल्यानं नाय झालं?" गोजराने विचारलं.

"नाही हो, बाई. तुमचा काही दोष नाही."

परतीच्या बसमध्ये चिडायला कोणीच न उरल्यामुळे वामन फार चिडला. कंडक्टरशी भांडून झालं, न उघडणाऱ्या खिडकीशी झालं. गोजरा आपली खाडीचं पाणी बघत बसलेली.

"बोल ना कायतरी! गाली तरी दे!"

"गाली कनाला? तुमाला कोनतरी पायजे व्हता. मी घरातच व्हते."

वामनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर या बाईला आपण काय काय बोललो ते एकदम आठवलं आणि त्याने तोंड फिरवलं.

घराच्या ओटीवर शेजारची बायजाबाई बसली होती. त्याला पाहताच गडबडीने उठली. "निसती गोजराला बगायला आलते, वामनदादा."

"हातात सुपारी घेऊन?"

"आमच्या जयमालाचं लगीन हाय ना. पन ऱ्हाव दे, तुमी नको बोलता त—"

"मना काय इचारतेस? धवलारीन मी हाय का? ती बसलीय समोर, तिला इचार!"

बायजाबाईने गोजराकडे पाहिलं. गोजराने हात पुढे करून सुपारी घेतली.

हळदीपर्यंत नव्या औषधाने तिचा आवाज पार बसवला होता. तरी ती मांडवात गेली. वामन पुरुषांत बसायचं सोडून तिच्या पाठीमागे पाण्याचा तांब्या घेऊन बसला आणि पुटपुटत राहिला, "हलू गा. कोन मागं लागलंय?" तिने गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्या देवाला बोलावलं आणि तिथेच तिचा दम तुटला. मागे झील धरणाऱ्या पोरींना पुढची ओळ येत नव्हती. जयमाला पाटावर खाली मान घालून थांबली.

"एवडं बी येत नाय कुनाला?" वामन वैतागून म्हणाला आणि इतकी वर्षं घरात ऐकलेली पुढची ओळ त्याने स्वतःच उचलली. भसाडा, फुटका आवाज. त्या मांडवात आजवर पुरुषाने धवला गायला नव्हता. एका बाईने हसू दाबायला पदर तोंडाशी नेला, गोजराकडे पाहिलं आणि खाली सोडला.

गोजरा छातीवर हात ठेवून श्वास घेत होती. मागे न वळता तिने दुसऱ्या हाताने खूण केली, सूर खाली घे. वामनने कुरकुरत सूर खाली घेतला आणि पुढच्या देवाला बोलावलं.