मी क्रुस्नाचं नाव खोडलं

मी व्हाइटनर बोलतोय. पेनासारखा दिसतो म्हणून फसू नका. पेन लिहितं, मी लिहिलेलं झाकतो. पूर्वी हलवलं की माझ्या पोटातली गोळी टकटक वाजायची. आता तीही चिकटून बसलीय. तोंड सुकलंय, आणि ते सुकलं हे बरंच झालं, असं मला मनापासून वाटतं.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वसईच्या कोर्टाजवळ एका स्टेशनरीच्या दुकानात मी उभा असायचो. तेव्हा माझा तोरा काय विचारता! बाकीच्या पेनांनी चुका करायच्या आणि निस्तरायच्या मी. एके दिवशी क्षितिजाने मला विकत घेतलं. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारी, मराठीत एम.ए. झालेली ही मुलगी सुटीच्या दिवशी सत्यवतीमावशींना कामात मदत करायला जायची.

सत्यवतीमावशी म्हणजे मिठागरात राबणाऱ्यांच्या पुढारी. गावच्या नळावर मिठागरवाल्यांनी सगळ्यांत शेवटी पाणी भरायचं, असा दंडक होता. विशीतल्या मावशी हंडा घेऊन नळासमोर बसल्या, त्या तीन दिवस उठल्याच नाहीत. पोलीस न्यायला आले, तर हंड्यासकट गेल्या. चाळिशीत त्या अक्षरं शिकल्या. वस्तीतल्या बायका मतदारयादीत नाव घालायला जायच्या, समोरचा बाबू "नाव नीट सांग" म्हणून खेकसायचा, आणि त्या बिचाऱ्या गप्प होऊन परत यायच्या. मावशी त्यांना हाताला धरून पुन्हा त्याच टेबलापुढे उभं करायच्या.

"लाजायचं नाय. नाव हाय तसं सांगायचं. आपन सांगू तसं त्यानं लिवायचं."

क्षितिजाने मला मावशींच्या कागदपत्रांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं; तिथे पडून हे वाक्य मी शंभरदा ऐकलं. ऐकून शहाणा मात्र झालो नाही.

पुढे मिठागर बंद झालं. वस्तीतली घरं ज्याच्या त्याच्या नावावर होणार, असं ठरलं. अट एकच होती, यादीतलं नाव मिठागराच्या जुन्या हजेरीपटाशी जुळलं पाहिजे. मावशींनी घरोघर फिरून स्वतःच्या हाताने यादी लिहिली. वेनू, रेनुका, क्रुस्ना, आणि असे कितीतरी. प्रत्येक नावासमोर सही नाहीतर अंगठा घेतला.

यादी ऑफिसात द्यायच्या शेवटच्या तारखेच्या सकाळी मावशी आंघोळीला गेल्या होत्या. क्षितिजा यादी वाचत बसली.

"अरे देवा, सगळे 'ण' चुकलेत," ती पुटपुटली. "ऑफिसात हसतील मावशींना."

सह्या झालेल्या होत्या, नवा कागद करायला वेळ नव्हता. तिने मला हलवलं. एकोणीस नावांवरून मी फिरलो. 'न' गेला, 'ण' आला. क्रुस्नाच्या नावात तर तिला इतक्या चुका दिसल्या की तिथे मी दोन थर दिले. खोटं कशाला बोलू, मोठं पुण्य केल्यासारखं मला वाटलं. मावशींना मोतीबिंदू. त्यांनी कागदाची घडी केली आणि पिशवीत घातली.

ऑफिसात मी क्षितिजाच्या पर्समध्ये होतो. खिडकीपलीकडच्या कारकुनाने यादी उजेडात धरली.

"ही खाडाखोड कोणी केली? आमच्याकडे वेनू आहे, तुमच्याकडे वेणू. व्हाइटनर लावलेलं मी एकही नाव घेणार नाही."

हजेरीपट लिहिणाऱ्या जुन्या मुकादमाने माणसांनी सांगितली तशीच नावं लिहून ठेवली होती.

"मावशी, मी केलं," क्षितिजा रडवेली होऊन म्हणाली. "मला वाटलं, शुद्ध करावं."

मावशी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं.

"म्हंजे आमी अशुद्ध व्हतो?"

मग त्यांनी कागद खिडकीच्या कट्ट्यावर पसरला आणि नखाने मला खरवडायला सुरुवात केली. "सायेब, खाली बगा. मी काय लिवलं व्हतं ते बगा." माझे पापुद्रे सुटू लागले. निळ्या शाईतली वेनू वर आली. रेनुका आली. आतले मोठे साहेब उठून बाहेर आले, त्यांनी कारकुनाकडून हजेरीपट घेतला आणि एकेक नाव जुळवलं. अठरा नावं जुळली.

क्रुस्नाच्या नावावर मी जाड बसलो होतो. मावशींचं नख किती हळू फिरत होतं, तरी कागद फाटला. नावाच्या जागी भोक पडलं.

"जे वाचताच येत नाही ते कसं घेऊ, मावशी?" साहेबांनाही वाईट वाटलं. "त्यांना वेगळा अर्ज करावा लागेल."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. त्या अठराही घरांना कागद मिळाले. सत्तरीचा क्रुस्ना दर सोमवारी मावशींकडे येतो आणि दारातूनच विचारतो, "आलं का माजं नाव?" नाही म्हटलं की चहा पितो. "पोरीनं चांगल्यासाटीच केलं," असंही वर म्हणतो. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

क्षितिजा मला फेकून देणार होती. मावशींनी अडवलं. "ऱ्हाऊ दे डब्यात. परत कुनाचं नाव सुधरावंसं वाटलं, तर आदी ह्याच्याकडं बग."

तारीख चुकली, पत्ता चुकला, तर माझ्या भाऊबंदांना खुशाल वापरा. पण माणसाच्या नावावर आम्हाला टेकवण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. माझं एवढंच मागणं आहे, आणि तेही मागायला मला तोंड नाही.

काल क्रुस्नाचा तिसरा अर्ज लिहिला. क्षितिजाने पेन उघडलं.

"काका, नाव सांगा."

"क्रुस्ना."

"पुन्हा सांगा. सावकाश."

त्याने सांगितलं, तिने तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. निघताना क्रुस्नाने सहज डबा उघडला, मला उचललं आणि कानाशी धरून हलवलं. गोळी वाजली नाही.

"मेला वाटतं," तो हसला, आणि त्याने मला जपून परत ठेवलं.

डब्याचं झाकण लागलं. अंधारात मी त्याचं नाव घेतलं, तो घेतो तसं.