दीड स्टार आणि नीलझेपचा पोशाख

मित्रांनो, कंधारच्या बसस्थानकामागे गुरुपादप्पांचे दुकान आहे. शाळेच्या गॅदरिंगचे कपडे तिथे भाड्याने मिळतात. मावळ्यांचे अंगरखे, पऱ्यांचे झगे, वाघाची पिवळी कातडी अशा गर्दीत, मागच्या भिंतीला जो निळा पोशाख लटकला आहे, तो मी. माझा रंग उडाला आहे. छातीवरचे पांढरे पंख तडकले आहेत. शाळेतली मुले दुकानात येतात, माझ्याकडे बोट करून विचारतात, "हा कुणाचा हाय?" गुरुपादप्पांना नाव आठवत नाही. ते म्हणतात, "हाय कुण्या पिक्चरमधला."

मी नीलझेपचा पोशाख आहे. एकेकाळी या गावात मला ओळखत नाही असे पोर नव्हते.

माझा जन्म सुमनबाईंच्या शिलाई मशीनवर झाला. त्या वर्षी भीमजयंतीच्या कमानीसाठी आणलेले निळे साटीन उरले होते. त्यांचा मुलगा आनंदराज ते घेऊन घरी आला आणि म्हणाला, "माय, याचा नीलझेप करून दे." सुमनबाईंना नीलझेप कोण हे ठाऊक नव्हते. मग आनंदराज आणि त्याचा मित्र रविकिरण या दोघांनी मिळून त्यांना सगळा सिनेमा सांगितला. नीलझेप म्हणजे धरणाच्या भिंतीवर काम करणारा एक साधा मजूर. विजेचा झटका बसून त्याला पंख फुटतात. पण तो कुणाला मारत नाही, तो फक्त बुडणाऱ्यांना वर काढतो. सुमनबाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "चांगला माणूस दिसतो बाबा. शिवते." त्यांनी मला बेतले, रविकिरणने माझ्या छातीवर पंख रंगवले.

आनंदराज आणि रविकिरण एकाच गल्लीतले, एकाच बुद्धविहाराच्या ओट्यावर खेळून मोठे झालेले. पुढे आनंदराज मोबाईलच्या दुकानात कामाला लागला आणि रविकिरण पत्रकारिता शिकायला नांदेडला गेला. पण शनिवार आला की रविकिरण कंधारला यायचाच, आणि दोघे किल्ल्याच्या खंदकाकाठी बसून नीलझेपवर बोलायचे. मी पिशवीत असायचो. त्यांचे बोलणे ऐकता ऐकता मला माझ्याच कथेचा अभिमान वाटू लागला होता.

माझे कामाचे दिवस सुखाचे गेले. आनंदराज तसा बुजरा. चार माणसांत बोलायचे म्हटले की त्याची मान खाली जायची. पण मला अंगात घातले, वर मुखवटा चढवला की तो ताठ व्हायचा. हेल्मेट घाला सांगणाऱ्या फेरीत पोलिसांनी आम्हाला सगळ्यांत पुढे चालवले. बिलोलीच्या एका शाळेत तर मुलांनी माझी बाही सोडलीच नाही. "नीलझेप, उड की!" म्हणून ती ओरडत होती. आनंदराज म्हणाला, "आज वारं न्हाई." सगळी शाळा हसली. त्या काळी महिन्यातून दोनदा सुमनबाई मला धुऊन सावलीत वाळत घालत. उन्हात रंग जाईल, अशी त्यांना काळजी.

पण दुःखाची सुरुवातही त्याच काळातली. नीलझेपचा दुसरा भाग आला आणि समीक्षकांनी त्याची पार वाट लावली. कुणी लिहिले, हा नीलझेप नाही, निळा पतंग आहे. ते वाक्य सगळीकडे फिरले. आनंदराज रस्त्याने निघाला की पोरे मागून ओरडू लागली, "पतंग आला रे!" मी अंगावर असलो की त्याचे खांदे आत ओढले गेलेले मला कळायचे.

त्यानंतर चार वर्षे तिसऱ्या भागाची वाट पाहण्यात गेली. चाहत्यांचा एक ग्रुप होता, आनंदराज त्याचा प्रमुख. रुद्रेश नावाचा एक तापट मुलगा आणि नर्सिंग शिकणारी तनुजा हे त्यातले दोघे नेहमीचे. बसस्थानकासमोरच्या चहाच्या हॉटेलात ते जमायचे. आश्चर्य असे की सिनेमा कसा असेल यावर ते कमी बोलत. समीक्षक काय म्हणतील, यावरच सगळे बोलणे चाले.

"चार स्टार तर कुठंच गेले न्हाईत," रुद्रेश म्हणायचा.

"साडेतीन द्या, पण पतंग म्हणू नका," तनुजा हसायची.

आनंदराज म्हणायचा, "एकदा, फक्त एकदा त्यायनं चांगलं म्हणावं. मग मी मुखवटा न घालता बाजारातून फिरतो का न्हाई बघ."

आणि मग एक बातमी आली. रविकिरण आता नांदेडच्या एका वेबसाइटवर सिनेमांबद्दल लिहीत होता. प्रदर्शनाआधीच्या खास खेळासाठी त्याला मुंबईला बोलावणे आले. हॉटेलात नुसता जल्लोष झाला. रुद्रेशने सगळ्यांना चहा पाजला. "आता बघा! आपला माणूस आत बसून राहिला!"

बुधवारी दुपारी रविकिरणने तो खेळ पाहिला. आनंदराजने लगेच फोन लावला. मी त्याच्या मांडीवर घडी घालून ठेवलेला होतो.

"रव्या, कसा हाय रे?"

पलीकडून रविकिरण म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत बोलायचं न्हाई असं सांगितलंय आम्हाला."

"मला सांगायला काय हाय? मी काय परका हाव का?"

"आन्या, उद्या वाच. आणि वाचून झालं की मला फोन कर. शिव्या द्यायच्या तर दे, पण फोन कर."

आनंदराजने हे शेवटचे वाक्य ऐकले, पण मनावर घेतले नाही. आनंदाची बातमी दाबून ठेवताना मित्र असाच कोरडा बोलेल, असे त्याला वाटले.

गुरुवारी दुपारी सगळे हॉटेलात जमले. आनंदराजने मला घातले होते. तनुजाच्या मोबाईलवर रविकिरणचा लेख उघडला आणि तीच मोठ्याने वाचू लागली. "नीलझेप या वेळी खूप उंच उडतो, पण कशासाठी ते त्यालाच ठाऊक नाही. बुडणाऱ्याला वर काढणारा आमचा नीलझेप इथे माणसे मारत सुटतो आणि थिएटर टाळ्या वाजवेल अशी वाट बघत थांबतो. या पोशाखावर मी स्वतःच्या हाताने पंख रंगवले होते. म्हणून लिहिताना हात जड झाला आहे. पाचपैकी दीड स्टार."

तिचा आवाज शेवटी इतका बारीक झाला की मागच्यांना ऐकू गेला नाही. "किती?" कुणीतरी विचारले.

सगळ्यांत आधी रुद्रेश उठला. "विकला गेला! मुंबईला गेला आन् विकला गेला!"

"आधी बघू तर दे," तनुजा म्हणाली. "पिक्चर आपण बघितलाय का?"

आनंदराजच्या छातीतले ठोके माझ्या शिवणीत घुमत होते. त्याने मोबाईल काढला आणि ग्रुपवर एक ओळ लिहिली. आजपासून रव्या आपला नाही. त्या ओळीखाली रुद्रेशने रविकिरणचा नंबर टाकला आणि पुढे लिहिले, सांगा याला. नंबर पुसण्याचा अधिकार प्रमुखाला होता. आनंदराजने तो पाहिला. मोबाईल खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एसटीने नांदेडला पहिल्या खेळाला निघाले. एरवी असा प्रवास गाण्यांनी दणाणायचा. त्या दिवशी तनुजा आनंदराजशेजारी येऊन बसली आणि तिने रविकिरणने पाठवलेले स्क्रीनशॉट दाखवले. नंबर ग्रुपमधून बाहेर गेला होता. कुठल्या कुठल्या गावांतले, न पाहिलेले लोक रविकिरणला लिहीत होते. आईवरून लिहीत होते. लेखाखालचे आडनाव वाचून त्याची जात काढत होते.

"हे वाच," तनुजा म्हणाली. "ही शिवी एकट्या रवीलाच हाय का?"

आनंदराजने वाचले. मित्रांनो, मी जयंतीच्या कमानीचे कापड आहे. त्या शब्दांचा अर्थ मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"नंबर काढ आधी," ती म्हणाली.

"काढतो. पिक्चर होऊ दे."

खेळ सुरू झाला. नीलझेप आला तेव्हा शिट्ट्या पडल्या. नंतर कमी होत गेल्या. नीलझेपने पहिला माणूस मारला तेव्हा आनंदराज खुर्चीत पुढे सरकला. दुसरा, तिसरा, मग मोजदाद राहिली नाही. मध्यंतरात तो जागचा उठला नाही. शेवटच्या लढाईत मागच्या रांगेतली पोरे मोबाईल बघत होती. अंधारात आनंदराजने मुखवटा वर केला, माझ्या बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा खाली ओढला. रविकिरणचा शब्द न् शब्द खरा होता. हे त्या थिएटरात त्याला कळले आणि मला.

बाहेर फाटकाजवळ एक जण कॅमेरा घेऊन उभा होता. निळा पोशाख दिसताच तो धावत आला. "तुमच्याच गावच्या समीक्षकाने दीड स्टार दिला. काय म्हणाल?"

भोवती गर्दी जमली. सगळे आनंदराजच्या तोंडाकडे बघत होते. तनुजाही. तेवढ्या एका क्षणात मला खात्री होती, हा आता खरे बोलणार.

"लई भारी पिक्चर हाय," आनंदराज म्हणाला. "ज्याला दिसला न्हाई, त्यानं डोळे तपासून घ्यावं."

टाळ्या पडल्या. रुद्रेशने त्याला खांद्यावर उचलले. तनुजा गर्दीतून निघून गेली आणि एकटीच एसटीने परतली. तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. त्यात आनंदराजचा चेहरा कुठेच दिसत नाही. दिसतो तो मी.

आठवड्याभरात सिनेमा उतरला. महिन्याभराने रुद्रेश स्वतःच हसत म्हणू लागला, "लई बोर होता यार." पण ग्रुपवरचा नंबर तसाच राहिला होता आणि रविकिरणचा फोन अजून वाजतच होता. त्याने नंबर बदलला. मग लिहिणे सोडले. लातूरला एका शिकवणीत प्रश्नपत्रिका तयार करण्याचे काम धरले. शनिवारी कंधारला येणे बंद झाले. सुमनबाई विचारत, "रवी काऊन येत न्हाई रे?" आनंदराज म्हणे, "काम असतं त्याला."

पावसाळा संपल्यावर एक दिवस आनंदराज मला पिशवीत घालून लातूरला गेला. शिकवणीसमोरच्या टपरीवर दोघे भेटले. रविकिरण बारीक झाला होता. "जयभीम," तो म्हणाला, जसे कुणालाही म्हणतात तसे.

आनंदराजने पिशवी पुढे केली. "हा तू ठेव. तुझ्या हातचे पंख हायत. रव्या, तू खरं लिहिलं होतंस. मला थेटरातच कळलं होतं."

रविकिरणने मला हात लावला नाही. "थेटरात कळलं होतं?"

"हाव."

"मग बाहेर येऊन तू ते बोललास."

आनंदराजने पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

"आन्या, लोकायच्या शिव्यांचं मला न्हाई वाटलं. त्या खायची सवय आपल्याला जन्मापासून हाय. मी रोज फोन बघायचो, तुझा येतो का म्हणून. आता इथं मला एकट्याला सांगून काय करू? फाटकावर सांगायचं होतंस." त्याने दोन्ही चहांचे पैसे दिले आणि समोरच्या शिकवणीकडे निघून गेला. त्याने मागे वळून पाहिले नाही.

परतीच्या वाटेवर आनंदराज खिडकीबाहेर बघत बसला होता. कंधारला उतरल्यावर तो घरी गेला नाही. सरळ गुरुपादप्पांच्या दुकानात आला आणि मला ओट्यावर ठेवून निघून गेला. त्याने पुन्हा कधी कुठला मुखवटा चढवला नाही, असे ऐकतो. बाजारातून जातो, पण मान खाली घालूनच.

मित्रांनो, कापडाची काळजी कशी घ्यायची हे तुमच्या आया सांगतील. सावलीत वाळवा, घडी नीट घाला. माझे मागणे वेगळे आहे. उद्या तुमच्याही आवडीचा सिनेमा येईल, त्याची तुम्हीही वाट पाहाल. तेव्हा तुमचाच एखादा मित्र तुम्हाला नको असलेले खरे सांगेल. रागवा त्याच्यावर, भांडा, दोन दिवस बोलू नका. पण त्याचा फोन नंबर गर्दीच्या हातात देऊ नका. आणि तो खरा होता हे कळले, तर ते त्याच्या कानात सांगू नका. जिथे त्याला खोटे ठरवले, तिथेच, तेवढ्याच माणसांसमोर आणि तेवढ्याच मोठ्याने सांगा.