सारातोवच्या स्वयंपाकघरातला रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. व्होल्गाकाठच्या सारातोव शहरात, एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझं आयुष्य गेलं. मला बटण एकच, आवाज लहानमोठा करायचं. केंद्रही एकच, सरकारचं.

घर झाखार आणि फाइना या जोडप्याचं. झाखार कारखान्यात मुकादम, पक्षाचा निष्ठावान माणूस. सकाळी राष्ट्रगीत लागलं की दाढी करता करता तोही गुणगुणे. मी भरघोस पिकाच्या बातम्या देई. फाइना कोबीचं सूप ढवळत म्हणे, "एवढं पिकतंय, मग दुकानातले बटाटे कुणी खाल्ले रे?"

"हळू बोल, बाई!" म्हणत झाखार माझा आवाज वाढवी. छान दिवस होते ते. दोघं माझ्या गाण्यांवर टेबलाभोवती नाचतसुद्धा.

मग देशाला नवा नेता मिळाला. लपवाछपवी पुरे, मोकळं बोला, कारभार सुधारू, असं तो म्हणाला. माझी भाषाच बदलली. जुन्या काळी सरकारनंच निरपराध माणसांना कशा गोळ्या घातल्या, ते मी एका संध्याकाळी सांगितलं. त्यात रेल्वेतल्या एका इंजिनियरचं नाव आलं. ते फाइनाचे वडील.

तिनं सुपाचं भांडं चुलीवरून उतरवलं. "बाबा आजारानं गेले, असं पन्नास वर्षं सांगत आले मी."

"मलासुद्धा?" झाखारनं विचारलं.

"तुला तर नक्कीच. तू पक्षाचा माणूस ना."

त्या रात्री झाखार जेवला नाही.

खरं बोलणं आलं, पण पाव येईना. कारखान्यांना वरून येणारे जुने हुकूम थांबले होते आणि नवा व्यापार काही रुजत नव्हता. साखर गेली, साबण गेला. झाखार चिडे, "त्या नेत्याची भाषणं काय तव्यावर परतायची?" एकेक प्रांत वेगळं व्हायचं म्हणू लागला. इतकी वर्षं भीतीनं बांधून ठेवलेला देश होता तो. भीती ओसरली आणि गाठी सुटत गेल्या.

ऑगस्टातल्या एका सकाळी जुन्या अधिकाऱ्यांनी त्या नेत्याला बाजूला सारलं. माझ्यातून नुसते हुकूम आणि संगीत येऊ लागलं. फाइना पांढरीफटक पडली. झाखारनं बूट चढवले.

"चल, चौकात लोक विरोधाला जमलेत."

"तू? त्या नेत्यासाठी?"

"त्याच्यासाठी कोण जातंय! तुझ्या बाबांसाठी."

अधिकाऱ्यांचा डाव फसला. पण नेत्याच्या हातीही काही उरलं नव्हतं. डिसेंबरात मीच सांगितलं, सगळे प्रांत वेगळे झाले, आपला देश आता राहिला नाही. राष्ट्रगीताला उभं राहावं तसा झाखार सवयीनं उठून उभा राहिला, आणि मग लहान मुलासारखा रडला. फाइनानं डोक्याच्या रुमालानं त्याचे डोळे पुसले. "रड," ती म्हणाली, "आपलं सगळं तरुणपण त्यातच गेलं ना."

आता माझी तार तुटली आहे, अंगावर धूळ आहे. त्याचं काही नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी बोलता बोलता मध्येच गप्प होत असेल, तर जवळ बसा आणि विचारा. पन्नास वर्षं थांबू नका.