कपाटातला पिवळा कोंब

सकाळी साडेआठला बालवर्गाला शिकवणाऱ्या ताईने वर्गाचं दार उघडलं आणि खिडकीकडे बघून ती दारातच थबकली. खिडकीतल्या तेराच्या तेरा बरण्यांत एकाच उंचीची, एकसारखी हिरवीगार रोपं उभी होती, कवायतीला उभी केल्यासारखी.

काल दुपारी ती घरी गेली तेव्हा यातलं काहीही नव्हतं. तीन बरण्यांतले राजम्याचे दाणे सडले होते, एकाला नुसतंच मूळ फुटलं होतं, आणि एकाचा कोंब बरणीतून पळून जायच्या बेतात होता. पण त्या सडक्या दाण्यांचं पोरांना काय कौतुक! ‘माझा सडला, माझा सडला!’ असं ओरडत एक पठ्ठ्या कालचा अख्खा दिवस वर्गात मिरवत होता. पाणी जास्त झालं म्हणून सडला, हे त्याने स्वतः शोधून काढलं होतं. पाच वर्षांच्या पोराने आणखी काय करायचं असतं?

बालवर्गात झाडलोट करणारी, पोरांचे हात-तोंड धुणारी मावशी कोपऱ्यात उगाचच फडकं पिळत उभी होती.

“मावशी, हे कुणी केलं?”

“मोठ्या बाई म्हणाल्या, रोपवाटिकेतून चौदा रोपं आण आणि बरण्यांत लाव. आज पालक येणार, त्यांना काय सडकं दाखवायचं? मी काय बोलणार, ताई?”

“चौदा? म्हणजे कपाटातली बरणीसुद्धा?”

मावशीने मान खाली घातली. “ते तर पार पिवळं पडलं होतं. मला वाटलं, आजारी आहे. मागच्या अंगणातल्या बादलीत टाकलंय सगळं.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपाटातली चौदावी बरणी मिरीची होती. मिरी म्हणजे वर्गातली सगळ्यांत लहान चणीची मुलगी. वर्गात आल्यापासून दोन महिने तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. मग टिपकागद ओला करून दाणे बरणीत ठेवायच्या दिवशी तिने एकदम विचारलं, “अंधारात ठेवला तर?” बाकीची पोरं म्हणाली, मरेल. मिरी म्हणाली, “नाही मरणार.” आणि स्वतःची बरणी उचलून कपाटात ठेवून आली.

त्या दिवसापासून मिरीचं तोंड बंद व्हायचं नाव घेईना. रोज सकाळी कपाट किलकिलं करून ती कोंबाच्या उंचीएवढा लाल दोरा कापायची आणि कागदावर चिकटवायची. दहा दोरे झाले होते. खिडकीतल्या कुणाचाही कोंब मिरीच्या दोऱ्याच्या अर्ध्यालासुद्धा पोचत नव्हता, कारण अंधारातला कोंब उजेड शोधत पिवळा, बारीक आणि लांबच लांब वाढला होता. का वाढला, हे ताईने सांगितलं नव्हतं. सोमवारी पोरांनाच विचारायचं तिने ठरवलं होतं.

ती तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या आरशात बघून साडीची पिन लावत होत्या.

“बाई, मुलांचे कोंब का फेकलेत?”

“अहो ताई, पालक काय बुरशी बघायला येणार आहेत? आणि एवढ्याशा पोरांना काय कळतंय कुठलं रोप कुणाचं!”

“त्यांना सगळं कळतं. कळत नाही ते आपल्याला.”

मोठ्या बाईंनी पिन लावली आणि टेबलावरच्या एका फायलीवर बोट ठेवलं. “तुम्हाला कायम करायचा कागद आहे हा. याच आठवड्यात सही करायची आहे. आज जरा गोड बोला, म्हणजे झालं.”

ताई दातओठ खात बाहेर आली. तोवर पालक यायला लागलेसुद्धा होते.

वर्गात पांढऱ्या चादरी अंथरलेल्या टेबलांभोवती आईबाप दाटीवाटीने उभे राहिले. जो तो फोन काढून हिरव्या रोपांचे फोटो घेत होता. ‘सडला’वाला पठ्ठ्या आपल्या बरणीकडे बघत गोंधळून उभा होता, आणि त्याची आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मोठ्या बाईंनी कपाटाचं दार थाटात उघडलं.

“आणि ही बघा गंमत! आमच्या मुलांनी अंधारातसुद्धा रोप वाढवून दाखवलं!”

कपाटात बोटभर उंचीचं हिरवंगार रोप. टाळ्यांचा नुसता कडकडाट. शिकलीसवरलेली पंचवीस माणसं, पण एकालाही विचारावंसं वाटलं नाही की दहा दिवस अंधारात राहून हे हिरवं कसं?

एकीला वाटलं. मिरी गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिच्या हातात कागदावरून सोडवलेला कालचा दोरा होता. तिने तो रोपाशेजारी धरला. रोप संपलं तरी दोरा खाली लोंबत राहिला.

“हा माझा नाही. माझा पिवळा आहे. आणि एवढा मोठा आहे.”

मोठ्या बाई हसल्या. “दोरा ताणला गेला असेल, बाळा.”

“नाही ताणला. मी रोज बघते.”

मिरीच्या वडिलांचे कान लाल झाले. ते खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाले, “असं बोलतात का? मोठ्या बाई खोटं बोलतील का? सॉरी म्हण आधी.”

मिरीने ताईकडे पाहिलं.

आणि ताई गप्प राहिली. फार वेळ नाही, दोन-तीन श्वासच. पण फायलीतला तो कागद तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि तेवढा वेळ पुरला. मिरीने दोरा मुठीत चुरगाळला.

“सॉरी,” ती म्हणाली. “हिरवाच होता.”

“शहाणी गं माझी बाई,” वडील म्हणाले, आणि लोक कौतुकाने हसले.

ते हसणं ताईला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. ती मागच्या अंगणात गेली, बादली उचलून आणली आणि सगळ्यांसमोर त्या पांढऱ्या चादरीवर उपडी केली. ओला टिपकागद, बुरशी, सडके दाणे, सगळा चिखल टेबलभर पसरला. एक बाई किंचाळून मागे सरली.

“हे तुमच्या मुलांचं काम!” ताई ओरडली. “खिडकीतली रोपं काल संध्याकाळी विकत आणलीत. या सडक्या दाण्याने तुमच्या पोराला जे शिकवलं, ते ती हिरवी बाहुली जन्मात शिकवणार नाही!”

“ताई, माझ्या खोलीत या,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“येते ना. तुमचा तो कागद फाडा, नाहीतर चहाच्या कपाखाली ठेवा. पण आधी हिचं होऊ दे.” ती मिरीच्या वडिलांकडे वळली. “तुमची मुलगी खरं बोलत होती. मला माहीत होतं आणि मी तोंड शिवून बसले. सॉरी मी म्हणायला हवं, तिने नाही.”

त्या चिखलातून तिने पिवळा कोंब अलगद सोडवला. तो मोडला नव्हता. मिरीच्या मुठीतला दोरा सरळ करून तिने त्याच्याशेजारी ठेवला. कोंब दोऱ्यापेक्षा नखभर जास्तच भरला, रात्रीत बादलीत पडल्या पडल्याही तो वाढला होता. वडील त्या दोऱ्याकडे बघतच राहिले.

ताईने कोंब मिरीच्या ओंजळीत ठेवला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“सांग आता सगळ्यांना. कोणत्या रंगाचा आहे?”

मिरीने ओंजळीत पाहिलं. मग मोठ्या बाईंकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि शेवटी ताईच्या कानाशी तोंड आणून हळूच विचारलं,

“ताई, कोणता सांगू?”