आभाच्या नावानं गेलेला राजीनामा

वेल्सला जायचा हट्ट आभाचाच होता, असं शैलेंद्र आता दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत प्रत्येकाला सांगत असे. खरं तर आधी दुबईतली नोकरी गेली होती ती त्याची. सहा महिने त्याला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा आभाला ॲबरिस्टविथ नावाच्या समुद्राकाठच्या वेल्श गावात, एका वृद्धाश्रमात सेवेचं काम मिळालं. व्हिसा तिच्या नावावर निघाला. नवरा आणि आठ वर्षांची शुभ्रा तिचे डिपेंडंट म्हणून गेले. तो शब्द शैलेंद्रच्या घशात पहिल्या दिवसापासून अडकला.

गावानं आभाला आपलंसं केलं. वारा असा, की छत्री उघडायची सोय नाही. पण संध्याकाळी लहानथोर सगळे किनाऱ्याच्या रस्त्यानं टोकापर्यंत चालत जात, तिथल्या लोखंडी कठड्याला पायानं हलकी लाथ मारत आणि माघारी वळत. का, ते कुणालाच धड सांगता येत नसे. दुसऱ्या महिन्यापासून आभाही लाथ मारू लागली. आश्रमात एर्लिस नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या. त्या फक्त आभाच्या हातून आंघोळ करून घेत आणि झाली की विचारत, "पानेद?" पानेद म्हणजे कपभर चहा. शुभ्रा तर वर्षभरात शाळेत वेल्श बोलू लागली, वेल्शमध्ये भांडूही लागली.

शैलेंद्रला सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या ट्रॉल्या गोळा करायचं काम मिळालं. दुबईत ज्याच्या हाताखाली चौदा माणसं होती, त्याला तिथला बावीस वर्षांचा सुपरवायझर शिट्टी वाजवून बोलवायचा. मग घरी आला की तो आभाचे हात हुंगायचा. "नीट धुतलेस का? म्हाताऱ्यांच्या गुवाचा वास येतोय," म्हणायचा आणि ताट सरकवून उठायचा.

दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुटीत ते चार आठवड्यांसाठी दुबईला आले. तिसऱ्या आठवड्यात शैलेंद्रनं चहा पिता पिता सांगितलं, की दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कंपनीत त्याला मॅनेजरची नोकरी लागलीय आणि शुभ्राची इथल्या शाळेत ॲडमिशनही झालीय.

"मग तू राहा," आभा म्हणाली. "मी आणि शुभ्रा परत जातो. एक तारखेला माझी ड्यूटी आहे."

"जा ना," तो हसून म्हणाला.

त्या हसण्यानं ती चरकली. तिनं आश्रमाच्या मॅनेजरबाईंना मेल केला. अर्ध्या तासात उत्तर आलं. तुम्ही विमानात बसलात त्याच दिवशी तुमचा राजीनामा मिळाला, त्यांनी लिहिलं होतं. आम्ही तो व्हिसाच्या ऑफिसला रीतसर कळवला. 'मला फोन करू नका, कुणाचे निरोपही नकोत' असं तुम्हीच लिहिलं होतं, म्हणून कुणी बोललो नाही. एर्लिसना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन दिवस कुणाला अंगाला हात लावू दिला नाही.

राजीनामा आभाच्याच मेलमधून गेला होता. इंग्रजी सुरेख होतं.

"हे तू लिहिलंस?"

"तुझ्या वतीनं लिहिलं. तुला धीर झाला नसता."

"अरे, एर्लिसना निरोपसुद्धा…"

"त्या म्हातारीसाठी रडतेस? माझ्यासाठी एकदा तरी रडलीस का?"

आभानं मॅनेजरबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या फार हळहळल्या. पण तिच्या जागी दुसरी बाई घेतली होती, नोकरीबरोबर व्हिसाही गेला होता, आणि या कामासाठी परदेशातून नव्यानं माणसं आणणं तिथल्या सरकारनं नुकतंच बंद केलं होतं. आभाच्या हाती काहीच उरलं नाही. महिन्याभरात शैलेंद्रनं तिला आपल्या व्हिसावर घेतलं.

एका रविवारी दुपारी त्याच्या ऑफिसमधला उल्हास आणि त्याची बायको प्रमिला जेवायला आले. उल्हास शैलेंद्रच्या हाताखाली होता.

"वहिनी, वेल्स आवडलं का?" त्यानं विचारलं.

"तिला काय विचारतोस!" शैलेंद्र म्हणाला. "सातासमुद्रापार जाऊन हिनं म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतली. एक्सपर्ट आहे. कोशिंबिरीला कसला वास येतोय का बघ हं!"

साहेब हसले म्हणून उल्हासही हसला. प्रमिलानं चमचा खाली ठेवला. शुभ्रा खुदकन हसली.

मुलगी हसली ते आभाला लागलं.

"याचं काम सांगू, भावजी?" ती शांतपणे म्हणाली. "हा ट्रॉल्या ढकलायचा. एकदा ट्रॉली सुटली आणि कुणाच्या तरी गाडीवर आदळली. बावीस वर्षांच्या पोरानं चारचौघांत झापलं, तेव्हा हा शेडमध्ये बसून हुंदके देत रडला. नोकरी जाणारच होती. मी त्या पोरापुढं हात जोडले. म्हटलं, याला काढू नका, नाहीतर हा घरी माझा जीव खाईल." मग ती शैलेंद्रकडं वळली. "तुला वाटत होतं ना, तुझं काम आवडलं म्हणून त्यांनी ठेवलं?"



"डॅड, डिड यू रिअली क्राय?" शुभ्रानं विचारलं.

शैलेंद्रचे कान लालबुंद झाले. ते पाहून आभाला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

पाहुणे आइस्क्रीम न खाताच गेले. शैलेंद्र ओरडला नाही. त्यानं कपाटातून शुभ्राचा पासपोर्ट काढून ऑफिसच्या बॅगेत ठेवला आणि म्हणाला, "तू आता माझ्या व्हिसावर आहेस, विसरलीस वाटतं. तोही कॅन्सल होतो. तुझ्या भावाकडं पुण्याला जा. शुभ्रा इथं राहील."

"माझ्याशिवाय ती राहणार नाही."

"विचार तिला."

आभानं विचारलं. शुभ्रानं टॅबवरून मान वर केली नाही. "यू शुडन्ट हॅव सेड इट इन फ्रंट ऑफ उल्हास अंकल," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टू चेंज स्कूल्स अगेन."

व्हिसा रद्द व्हायला आठवडाही लागला नाही. एअरपोर्टला शैलेंद्रनंच सोडलं. शुभ्रा मागच्या सीटवर हेडफोन लावून बसली होती. बॅग उतरवून आभा खिडकीशी वाकली, तेव्हा मुलीनं गाल पुढं केला. हेडफोन काढले नाहीत.

"यल्ला, चल, आटप," शैलेंद्र म्हणाला, "इथं गाडी जास्त वेळ थांबवू देत नाहीत."

त्यानं काच वर केली आणि गाडी रांगेतून बाहेर काढली. शुभ्रा मागं वळून बघेल म्हणून आभा बॅग धरून उभी राहिली, गाडी वळणाआड जाईपर्यंत.